पाथःशास्त्रापासून पर्यावरण-नियोजनापर्यंत : जालन्याच्या पाण्याच्या निमित्तानें

जालन्याचें नांव आपल्या इतिहासग्रंथांतून येतें तें बहुधा तीन प्रसंगीं. इ. स. १६७९ च्या नोव्हेंबरांत शिवाजीमहाराजांनीं ही पेठ लुटली, हा पहिला प्रसंग, ता. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं असई गांवीं शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा वेलस्लीनें पराभव केला, हा दुसरा. आणि पुढें हैदराबाद कंटिंजंटची छावणी येथें दीर्घकाल राहिली, हा तिसरा. लुटण्याजोगी पेठ, लढण्याजोगें मैदान व उतरण्याजोगी जागा, इतकीच ह्या गांवाची ओळख ग्रंथांतून होते. परंतु ज्या पेठेस लोक ‘सोने का पालना’ म्हणत, त्या पेठेंतील माणसें व जनावरें पाणी कोठलें पीत होतीं, हा प्रश्न आपण इतिहासाभ्यासक क्वचितच विचारतों.

हा प्रश्न आज विचारण्यास एक निमित्त झालें आहे. अलीकडे विद्यापीठांतून ‘पर्यावरण-नियोजन’ ह्या नांवाची एक पदव्युत्तर विद्या शिकविली जाते. भूमि, पाणी, वनस्पति, वारा आणि मनुष्यवस्ती ह्यांचा परस्परसंबंध पाहून कोणत्या जागीं काय करावें व काय करूं नये ह्याचा आराखडा आगाऊ आंखणें, हें तिचें प्रयोजन होय. ही विद्या शिकून मुलास पुढें काम कोणतें मिळणार, असें पालक विचारतात. आणि जुन्या कागदांत रमणारे आपल्यासारखे लोक विचारतात कीं, ह्या नव्या विद्येशीं आम्हांस काय कर्तव्य आहे? माझ्या मतें ह्या दोन्ही प्रश्नांचें उत्तर बऱ्याच अंशीं एकाच ठिकाणीं आहे, आणि तें ठिकाण म्हणजे आपल्या कपाटांतील रुमाल. हें विधान कित्येकांस धाडसाचें वाटेल. म्हणून तें जालन्याच्याच उदाहरणानें तपासून पाहूं.

जालना शहरालगत मोती तलाव आहे. जमशेदखान नांवाच्या येथील अधिकाऱ्यानें तो बांधविला आणि त्याचें पाणी जमिनीखालील नळांनीं गांवांतल्या हौदांत आणून सोडलें, अशी नोंद जुन्या गॅझेटियरांत आढळते. गांवांतील मशीद व सराई हींही त्याच्याच नांवावर आहेत. नळ बंद पडले, हौद गेले. तलाव मात्र आहे, आणि गणपतिविसर्जनाच्या दिवशीं सारें गांव तेथें लोटतें. आतां जमिनीखालून नळ नेऊन दूरच्या हौदांत पाणी चढवावयाचें म्हणजे काय काय ज्ञान लागतें, ह्याचा विचार करा. तलावाची पातळी हौदाहून किती उंच आहे हें अचूक ठाऊक पाहिजे. नळांत गाळ कोठें सांचेल व तो कोठून काढतां येईल हें आधीं ठरलें पाहिजे. किती वस्तीस हें पाणी पुरेल ह्याचा अजमास पाहिजे. हें सर्व जाणणारा कोणी एक मनुष्य जालन्यास होता. बांधविणाराचें नांव उरलें, आंखणाराचें नाहीं. मलिकंबरानें इ. स. १६१० मध्यें वसविलेल्या खडकीची, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगरची, भूमिगत नहर ह्याच जातीचें व ह्याहून मोठें काम होय. आणि तेथेंही श्रेय धन्याकडे गेलें, कारागिराकडे नाहीं.

इ. स. १७२५ मध्यें निजामुल्मुल्काच्या हुकुमानें काबिलखानानें जालन्यास गढी बांधली. पुढें निजामी राजवटीच्या उत्तरकाळांत, विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकाच्या सुमारास, कुंडलिका नदीवर घाणेवाडीचा तलाव झाला. त्यास आज संत गाडगेबाबा जलाशय म्हणतात. त्यानंतर पैठणचें जायकवाडी धरण आलें. १९६५ मध्यें त्याची कोनशिला लालबहादुर शास्त्री ह्यांनीं बसविली, १९७६ मध्यें तें पुरें झालें, आणि कालांतरानें त्या गोदावरीच्या पाण्याची नळवाट जालन्यापर्यंत पोंचली. हा क्रम लक्षांत घेण्याजोगा आहे. पहिला तलाव गांवाच्या वेशीशीं, दुसरा कांहीं कोसांवर, तिसरा परजिल्ह्यांत. जवळचें पाणी गाळानें भरूं लागलें किंवा अपुरें पडलें कीं तें तसेंच टाकून लांबचें धरावयाचें, असा हा दोनतीन पिढ्यांचा परिपाठ दिसतो. २०१२-१३ सालच्या अवर्षणांत ह्या परिपाठाची झडती झाली. सरासरी सातशें मिलिमीटरांच्या आंतबाहेर पाऊस असलेल्या ह्या जिल्ह्यांत त्या वर्षीं पाण्याचे टँकर हेंच गांवोगांवचें मुख्य जलस्थान झालें. तेव्हां नागरिकांनीं व उद्योजकांनीं वर्गणी जमवून घाणेवाडीचा गाळ काढण्याचें काम जोरानें चालविलें, आणि तो गाळ शेतकऱ्यांनीं आपल्या शेतांत नेऊन टाकला. टाकून दिलेल्या तलावाकडे गांव असें परत वळलें.

आमच्यांतील संस्कृतज्ञांस अशा वेळीं एक मोह होतो. वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत दकार्गल नांवाचा अध्याय आहे. त्यांत कोणत्या वृक्षाच्या कोणत्या दिशेस किती हातांवर पाणी लागेल, वारूळ असल्यास काय समजावें, हें सविस्तर सांगितलें आहे. तो अध्याय दाखवून ‘हें सर्व आमच्याकडे होतेंच’ असें म्हणून मोकळें व्हावें, हा तो मोह. मी ह्या पंथाचा नाहीं. दकार्गल हें पाणी शोधण्याचें शास्त्र आहे. पाणी वांटण्याचें नव्हे. एका विहिरीस पाणी कोठें लागेल हें तें सांगतें, परंतु एका शिवारास किती विहिरी सोसतील हें सांगत नाहीं. मराठवाड्याच्या काळ्या कातळांत आज विंधनविहिरींची जी गर्दी झाली आहे, ती पाहतां शोधण्याची विद्या आम्हांस कमी पडली असें कोणी म्हणणार नाहीं. कमी पडली ती दुसरी.

त्या दुसऱ्या विद्येचे अंशही जुन्या वाङ्मयांत आहेत, पण ते वेगळ्या जागीं शोधावे लागतात. १९०९ मध्यें शामशास्त्र्यांनीं प्रसिद्ध केलेल्या कौटिलीय अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणांत, नवा तलाव किंवा बंधारा बांधणारास पांच वर्षांची करमाफी, मोडलेला दुरुस्त करणारास चार वर्षांची व झाडोऱ्यानें भरलेला साफ करणारास तीन वर्षांची, असा भेद केला आहे. दुरुस्तीस नव्या कामाच्या जवळजवळ बरोबरीचें मोल देणारा हा नियम मला दकार्गलाहून अधिक मोठा वाटतो. घाणेवाडीचा गाळ काढणारांस हा नियम ठाऊक नसेल. त्याचें मर्म त्यांनीं ओळखलें होतें.

परंतु सर्वांत बोलका पुरावा ग्रंथांत नसून शिलालेखांत आहे. आंध्रांतील कडप्पा जिल्ह्यांत पोरुमामिळ येथें एक मोठा तलाव आहे. विजयनगरचा राजा बुक्क ह्याचा पुत्र भास्कर ऊर्फ भवदूर ह्यानें तो शके १२९१, म्हणजे इ. स. १३६९, मध्यें बांधविला. एपिग्राफिया इंडिकाच्या चौदाव्या खंडांत छापलेल्या त्याच्या संस्कृत लेखांत चांगल्या तलावाचीं बारा साधनें व सहा दोष मोजून दिले आहेत. दररोज एक हजार मजूर व शंभर गाडे कामावर असून दोन वर्षांत काम पुरें झालें, असा हिशेबही आहे. बारा साधनांत धार्मिक राजा, कठीण भूमि, गोड्या पाण्याची नदी, दगडाची खाण, कुशल कामकरी अशीं नांवें येतात. आणि राजाच्या लगेच पाठीमागें येतो तो पाथःशास्त्र जाणणारा ब्राह्मण. पाथस् म्हणजे पाणी. जलशास्त्र जाणणारा मनुष्य हें तलावाचें एक साधन आहे, दगडाइतकेंच व मजुराइतकेंच आवश्यक, अशी ही स्पष्ट कबुली आहे. जालन्याच्या नळांचा जो अनाम आंखणारा आपण वर पाहिला, त्याच्या पेशास येथें प्रथमच नांव मिळालेलें दिसतें. ‘पर्यावरण-नियोजक’ ह्या आजच्या पदाचा पूर्वज कोण असें कोणी विचारल्यास मी ह्या पाथःशास्त्रज्ञाकडे बोट दाखवीन.

सहा दोषांतील दोन तर जालन्यासाठींच सांगितल्यासारखे आहेत. दोन राज्यांच्या सीमेवर तलाव असणें हा एक दोष. जालना परगणा मराठे व निजाम ह्यांच्या सीमेवर शतकभर हेलकावे खात होता. ज्या तलावाचा धनी दर दहा वर्षांनीं बदलण्याची भीति, त्याचा गाळ कोण काढणार? दुसरा दोष, पाणी थोडें व भिजवावयाची जमीन फार. ह्यावर आजच्या मराठवाड्यांतील उसाचा विस्तार पाहणारास भाष्याची गरज नाहीं.

महाराष्ट्रापुरतें पाहिलें तर पाणी वांटण्याची विद्या पोथींत न राहतां वतनांत राहिली. खानदेश-नाशिकाकडील पांझरा, मोसम इत्यादि नद्यांवरील फड पद्धतींत बंधाऱ्याखालील जमीन फडांत विभागलेली असे. कोणत्या फडांत कोणतें पीक घ्यावयाचें हें सर्वांनीं मिळून ठरवावयाचें. आणि पाटकरी, हवालदार, जागल्या हे नेमलेले लोक पाळीप्रमाणें पाणी देत. पाण्याच्या मानानें पीक, पिकाच्या मानानें पाणी नव्हे, हें तत्त्व त्यांत होतें. पाटकऱ्याचा मुलगा बापाच्या हाताखालीं पाटावर हिंडून शिकत असे. तेंच त्याचें विद्यालय, आणि पीक निघाल्यावर मिळणारा धान्याचा वांटा हें त्याचें वेतन.

इंग्रजी अमलांत ही विद्या कागदावर व परीक्षेंत आली. पुण्यास १८५४ मध्यें अभियांत्रिकी शाळा निघाली. तिचेंच पुढें कॉलेज झालें, आणि तेथूनच विश्वेश्वरय्या १८८३ मध्यें उत्तीर्ण होऊन मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यांत शिरले. खडकवासल्याचे स्वयंचलित दरवाजे व पाटाच्या पाण्याची पाळीवार वांटणी, ह्या दोन्ही गोष्टींचा त्यांच्या नांवाशीं संबंध आहे. पहिली शुद्ध यंत्रविद्या. दुसरी मात्र फडाच्या जातीची. जालना त्या काळीं निजामाच्या मुलखांत होतें, म्हणून येथील मुलास ज्ञानाचा रस्ता पुण्याऐवजीं हैदराबादेकडे जाई. तेथें १९०८ च्या सप्टेंबरांत मुसी नदीस महापूर आला. त्यानंतर विश्वेश्वरय्यांसच सल्ल्यास बोलावण्यांत आलें, १९१२ मध्यें शहर सुधार मंडळ स्थापन झालें, १९१८ मध्यें उस्मानिया विद्यापीठ निघालें. मुंबई इलाख्याचा १९१५ चा नगररचना कायदा जालन्यास लागू होण्याचा प्रश्नच नव्हता. हैदराबाद संस्थान १९४८ मध्यें विलीन झालें, मराठवाडा १९५६ मध्यें मुंबई राज्यांत आला, आणि जालना हा स्वतंत्र जिल्हा १ मे १९८१ रोजीं झाला. नियोजनाच्या कायद्यांच्या बाबतींत हा प्रदेश एक पिढी उशिरां जागा झाला, असें म्हणावें लागतें.

ह्या काळांतील एका विदेशी पंडिताची गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. पॅट्रिक गेडिस हे मूळचे स्कॉटलंडांतील वनस्पतिशास्त्रज्ञ. १९१४ मध्यें ते हिंदुस्थानांत आले, अनेक शहरें पायीं हिंडले, त्यांवर अहवाल लिहिले. नागपूर व ठाणें ह्यांवर त्यांनीं १९१५ मध्यें लिहिलें. इंदूरच्या होळकर दरबारासाठीं लिहिलेला त्यांचा दोन भागांचा अहवाल १९१८ चा. १९१९ ते १९२४ पर्यंत ते मुंबई विद्यापीठांत समाजशास्त्र व नागरिकशास्त्र ह्या विषयांचे प्राध्यापक होते. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें : आधीं गांव नीट पाहा, त्याचा इतिहास वाचा, मग आराखडा करा, आणि मलेरियाच्या भीतीनें जुनीं तळीं बुजवूं नका, तीं स्वच्छ ठेवा. आपल्या देशांत पर्यावरण-नियोजनाचें विद्यापीठीय शिक्षण कोठून सुरू झालें असें विचाराल तर मी मुंबईच्या ह्या पीठाचें नांव घेईन, जरी त्या वेळीं ‘पर्यावरण’ हा शब्द कोणी ह्या अर्थानें उच्चारीत नव्हतें. दुर्दैवानें गेडिसांच्या पश्चात् त्या पीठाची समाजशास्त्राची शाखा घुर्ये ह्यांच्या हातीं भरभराटली आणि नगर-अभ्यासाची खुंटली. इतिहास वाचून मग आराखडा करावा, हा उपदेशही तिच्याबरोबर मागें पडला. माझा सगळा रोख ह्याच गोष्टीवर आहे.

स्वातंत्र्यानंतर नियोजनाचें शिक्षण दिल्लीस एकवटलें. तेथें १९५५ मध्यें नगर व ग्राम नियोजनाची शाळा निघाली आणि तिचें १९५९ मध्यें आजच्या नियोजन व वास्तुकला विद्यालयांत रूपांतर झालें. पर्यावरण-नियोजन हा तेथें पदव्युत्तर पदवीचा स्वतंत्र विषय आहे. अहमदाबादेस १९७२ मध्यें नियोजनाचें विद्यालय झालें. महाराष्ट्रांत पुण्याचें अभियांत्रिकी महाविद्यालय व नागपूरची राष्ट्रीय संस्था येथें नगर-नियोजनाच्या अंगानें ही विद्या मिळते. पुण्यास भारती विद्यापीठाची पर्यावरण-शिक्षणसंस्था १९९३ पासून, आणि मुंबईस टाटा समाजविज्ञान संस्थेची अधिवास-अभ्यासाची शाखा, ह्या निराळ्या दारांनीं तेथेंच नेतात. जालनेकरास सर्वांत जवळची म्हणजे १९८० मध्यें औरंगाबादेस निघालेली जल व भूमि व्यवस्थापन संस्था, जिला लोक वाल्मी म्हणतात; परंतु ती मुख्यतः नोकरींत असलेल्या अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठीं आहे. नियोजनाचा अभ्यासक्रम सामान्यतः दोन वर्षांचा, चार सत्रांचा. स्थापत्य, वास्तुकला, भूगोल, पर्यावरणशास्त्र अशा विषयांचे पदवीधर त्यास जातात. भूस्तर, जलविज्ञान, उपग्रहचित्रांवरून नकाशे करणें, कायदा, अर्थशास्त्र इतक्या गोष्टी थोड्या थोड्या शिकावयाच्या आणि शेवटीं एका प्रदेशावर प्रबंध लिहावयाचा. अमेरिकेंतील मॅकहार्ग ह्या आचार्यानें १९६९ च्या आपल्या ग्रंथांत सांगितलेली रीत आजही पायाभूत मानतात : मातीचा नकाशा, पाण्याचा नकाशा, उताराचा नकाशा, वनाचा नकाशा हे पारदर्शक पत्र्यांवर काढून एकावर एक ठेवावयाचे, म्हणजे कोणती जागा कशास योग्य हें आपोआप उमटतें. रीत उत्तम आहे. उणीव एवढीच कीं, काळाचा नकाशा ह्या थरांत बहुधा नसतो.

आतां पालकांचा प्रश्न. ह्या विद्येवर निर्वाह होतो काय? होतो, आणि तो मुख्यतः कायद्यांनीं निर्माण केला आहे. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमानें प्रत्येक नगरास विकास-आराखडा आवश्यक केला. त्यामुळें नगररचना विभागांत लोकसेवा आयोगामार्फत साहाय्यक नगररचनाकार नेमले जातात. राज्याचें प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० मध्यें झालें. केंद्राचा पर्यावरण-संरक्षण कायदा १९८६ चा. त्याखालीं १९९४ मध्यें व पुन्हां २००६ मध्यें निघालेल्या अधिसूचनांनीं मोठ्या खाणी, कारखाने, रस्ते, धरणें ह्यांस आधीं आघात-मूल्यमापनाचा अहवाल देणें भाग पडलें, आणि तो लिहिणाऱ्या सल्लागार-कचेऱ्या शहरोशहरीं उघडल्या. आज नव्या पदवीधरांपैकीं पुष्कळांस पहिलें काम ह्या कचेऱ्यांतच मिळतें. ह्या कामाविषयीं माझें मत फारसें अनुकूल नाहीं. अहवाल लिहिणारास मोबदला प्रकल्पाच्या मालकाकडूनच मिळतो. यजमानाकडून दक्षिणा घेणारा जोशी मुहूर्त वाईट आहे असें क्वचितच सांगतो. येथें त्याहून वेगळें व्हावें अशी अपेक्षा करणें मनुष्यस्वभावास धरून नाहीं. मात्र जो तरुण ह्या कचेरींत दोनचार वर्षें काढून जनसुनावणींत गांवकऱ्यांचें बोलणें ऐकावयास शिकतो, तो पुढें कोठेंही उपयोगी पडतो.

जालना जिल्ह्यांत ह्या विद्येस काम नाहीं असें नाहीं. शहराची लोकसंख्या २०११ च्या गणतींत सुमारें २ लक्ष ८५ हजार होती, आणि २०२३ मध्यें नगरपालिकेची महानगरपालिका झाली. येथील सळयांच्या कारखान्यांची कीर्ति आहे, तशीच हवेविषयींची चिंताही. २०१९ मध्यें केंद्र सरकारनें आंखलेल्या राष्ट्रीय शुद्ध-हवा कार्यक्रमांत जालन्याचें नांव आलें आहे. ग्रामीण भागांत नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प २०१८ पासून आला आणि गांववार पाणलोटाचे आराखडे करणारे लोक लागले. ह्या सर्वांहून जुना व अधिक शिकविणारा प्रयोग कडवंचीचा. जालना तालुक्यांतील ह्या गांवीं १९९६ पासून खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रानें इंडो-जर्मन कार्यक्रमाच्या साह्यानें माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणलोटाचें काम केलें. समतल बांध, नाल्यांवरील बंधारे, मग शेततळीं. कोरडवाहू गांव द्राक्षांचें झालें, आणि २०१२-१३ च्या अवर्षणांतही त्याच्या बागा तगल्या. प्लास्टिकच्या अस्तराच्या शेततळ्यांत भूजल उपसून भरल्यानें सर्वांचें पाणी एकाच्या मालकीचें होतें व उन्हांत उडूनही जातें, असा आक्षेप जाणते लोक आतां घेतात, आणि तो खोटा नाहीं. म्हणजे पाणी अडविण्याची विद्या साधल्यावर वांटण्याची विद्या पुन्हां दारांत उभी राहिलीच. फडाचे जुने निवाडे जर ह्या पदवीधरांच्या वाचनांत असते, तर हा प्रश्न त्यांस अनपेक्षित वाटला नसता.

येथें असईच्या लढाईंतील एक प्रसंग आठवतो. केळणा नदीस उतार नाहीं असें वाटाड्यांनीं वेलस्लीस सांगितलें. त्यानें दुर्बीण लावली, तों समोरासमोरच्या दोन तीरांवर दोन गांवें दिसलीं. दोन गांवें अशीं समोरासमोर वसलीं असतील तर मध्यें उतार असलाच पाहिजे, असा त्यानें तर्क केला, आणि पिंपळगांवाजवळ खरोखरच उतार निघाला. शत्रूकडूनही घ्यावी अशी ही दृष्टि आहे. वस्ती ही लेखाप्रमाणें वाचावयाची असते. ह्याच केळणेच्या कांठीं वर भोकरदन आहे. सांची-भारहूतच्या लेखांत येणारें भोगवर्धन तें हेंच. १९७३ मध्यें देव व गुप्ते ह्यांनीं तेथें उत्खनन केलें. दोन हजार वर्षें माणसें एकाच कांठास चिकटून राहिलीं, हाच त्या जागेच्या पाण्याविषयींचा पहिला पुरावा होय. आणि तो उपग्रहचित्रांत दिसत नाहीं.

आतां रुमालांकडे येऊं. १९६६ च्या अधिनियमाप्रमाणें विकास-आराखड्याची पहिली पायरी म्हणजे विद्यमान भूवापराचा नकाशा. विद्यमान, म्हणजे आजचा. पूर्वींचा नव्हे. अवर्षणाच्या वर्षीं पाहणी झाली तर कोरडा तलाव पडीक जमीन म्हणून उमटतो, बुजलेला नाला रस्ता म्हणून, आणि नळवाट तर दिसतच नाहीं. अशा पडीक जमिनीवर घरें उठलीं म्हणजे तीं हटविणें कोणाच्याही हातचें राहत नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें २००१ व २०११ मध्यें दिलेल्या दोन निर्णयांत गांवतळीं ही सार्वजनिक मालमत्ता असून तिचें रक्षण झालें पाहिजे असें निक्षून सांगितलें. परंतु तळें होतें हें सिद्ध करावयाचें कोणी व कशानें? थळझाडा, पाटस्थळ-मोटस्थळाचे हिशेब, पाळीच्या पाण्यावरून झालेल्या भांडणांचे महजर व निवाडे, तळ्याखालील इनामाच्या सनदा, ह्यांनींच.

हे कागद विखुरलेले आहेत आणि त्यास कारणही पोरुमामिळच्या लेखांतील तो सीमेचा दोष. जालना शिंद्यांकडे असतांनाचे व्यवहार पुण्याच्या पेशवेदप्तरांत व शिंद्यांच्या दप्तरांत शोधावे लागतात. ३० डिसेंबर १८०३ च्या सुर्जी-अंजनगांवच्या तहानें शिंद्यांनीं जालनापूरचा किल्ला व परगणा सोडला. पुढचें सर्व हैदराबादेस. शाहजहान व औरंगजेब ह्यांच्या काळांतील दख्खनचे फारसी कागद तेथील अभिलेखागारांत मोठ्या संख्येनें आहेत. म्हणजे मोती तलावाचा पुरा वृत्तांत जुळविणारास मोडी पाहिजे, फारसी पाहिजे, उर्दू पाहिजे, शिवाय समपातळी रेषा वाचतां आल्या पाहिजेत. असा मनुष्य आज एकाही विद्यालयांतून तयार होऊन बाहेर पडत नाहीं. नियोजकास मोडी येत नाहीं, मोडीवाचकास नकाशा येत नाहीं. मोडीचे वर्ग चालतात, त्यांत शिकलेले तरुण जमिनींच्या दाव्यांतील कागद वाचून देऊन चार पैसे मिळवितात. तेच कौशल्य आराखड्याच्या कामीं मागितलें जावें असा संकेत मात्र अद्याप पडलेला नाहीं. जालन्याच्या ज्या मुलास किंवा मुलीस ही पदवी घ्यावयाची असेल, त्यानें प्रबंधास मोती तलावाची नळवाट हा विषय घ्यावा, आणि त्याआधीं एक पावसाळा मोडीस द्यावा, असें मी सुचवितों. अशा प्रबंधास मार्गदर्शक एक नियोजनाचा व एक इतिहासाचा, असे दोन असावेत.

संग्राहकांस विनंति इतकीच. जालना, बदनापूर, अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा, भोकरदन व जाफराबाद ह्या आठ तालुक्यांतील गांवांचे कागद ज्यांच्यापाशीं असतील, त्यांनीं वंशावळी व लढायांचे उल्लेख टिपतांना तळें, कुंड, बारव, पाट, नळ, हौद, ओढा हे शब्द जेथें येतील तेथें गांवाचें नांव, तळ्याच्या किंवा ओढ्याच्या चतुःसीमा, सालाचा उल्लेख व कागदाचा प्रकार अशी वेगळी याद ठेवावी. सीमेच्या वर्णनांत झाड, दगड किंवा देवस्थान आलें असेल तर तें वगळूं नये. शिवारांत जाऊन ताडून पाहणारास तीच खूण उपयोगी पडते. मूळ कागद कोणास देण्याची गरज नाहीं. यादीची नक्कल मंडळाकडे आल्यास ती गांववार लावून पुढील अंकांतून क्रमशः छापतां येईल.